दिवसाची गस्त

१

चोर रात्री येतो असं ज्यानं ठरवलं, त्यानं दुष्काळ बघितलेला नाही. आमच्या गावात चोर भर दुपारी यायचा आणि आरामात यायचा, कारण त्याला हटकायला गावात कुत्रंसुद्धा उरलेलं नव्हतं.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. मिरजगावच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. उजाडायच्या आत सगळं गाव फडक्यात भाकरी बांधून पाझर तलावाच्या कामावर जायचं आणि दिवस बुडताना धुळीनं पांढरं होऊन परतायचं. बाप्ये, बाया, कळती पोरं, सगळी. मागं उरायची कुलपं. आणि कुलपांच्या सोबतीला आम्ही, म्हणजे ज्यांना चालवत नाही, ज्यांना ऐकू येत नाही आणि ज्यांना मुकादम कामावर घेत नाही, असे.

मी तिसऱ्यातली. नाव मरियम. सगळी उमर नगरच्या एका मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली. तिथंच एकदा उकळत्या पाण्याचं भांडं पायावर पडलं आणि डाव्या पायाची करंगळी कापावी लागली. म्हातारपणी गावात आले, चर्चच्या खोलीशेजारी राहिले. लोक तोंडावर ‘नर्सबाई’ म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही.

केशरबाईचा तांब्याचा हंडा गेला, सूर्यभानचं बियाण्याचं गाडगं गेलं, तेव्हा हवालदार येऊन सांगून गेला, की गावानं आपलं ग्रामसुरक्षा दल काढावं. संध्याकाळी चावडीवर सरपंच आप्पासाहेबांनी विचारलं, दलात कोण येतं? सगळे दिवसभर माती वाहून मेलेले. कोण बोलणार? मी उठले.

“बाई, तुमी?” आप्पासाहेब हसले. “काठी पेलंल का?”

“तुमची तिन्ही पोरं नगरला मीच ओढून बाहेर काढलीत,” मी म्हणाले. “त्यापेक्षा काठी हलकीच असेल.”

सगळी चावडी हसली आणि दल निघालं. दल म्हणजे मी, मोडक्या पायाचा छगन आणि वेशीपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं टक लावून बघणारी बनुआत्या. छगन तरुणपणी पहिलवान होता. आता एक पाय ओढत चालतो, पण आवाज शाबूत आहे. बनुआत्याला ऐकू कमी येतं. नजर मात्र घारीची.

राखेची कल्पना माझी. घरं पुष्कळ, माणसं तीन. आम्ही एका आळीत असलो की चोर दुसऱ्या आळीत. म्हणून सकाळी गाव रिकामं झालं की कुलूप लावलेल्या प्रत्येक दारापुढं चाळणीनं राखेचा पट्टा पसरायचा, थेट फळीला भिडवून. दाराशी कोणी गेलं की राखेत पाऊल उठणार. फेरीला आलं की दारावर काठी दोनदा ठोकायची, “हुश्शार!” म्हणून हाळी द्यायची आणि राख बघायची. राखेला पैसा पडत नाही. चुली सगळ्यांकडं आहेत.

बनुआत्यानं ते ऐकून तोंडावर पदर घेतला.

“अगं मरियमे, मानूस गेलं की त्याच्या जाग्यावर राख पसरत्यात. दार लावून घेत्यात. मग बगत्यात, राखंत कुनाचं पाऊल उठलंय, कंच्या जल्माला गेला म्हून. जित्या घराम्होरं कुनी राख पसरतंय व्हय?”

“मेलेल्या माणसाला हंडा लागत नाही, आत्या. चोराला लागतो.”

तिचं बोलणं मला कळलं नव्हतं असं नाही. ते मी मोजलं नाही, एवढंच.

२

राखेनं पहिल्याच आठवड्यात चोर पकडून दिला. टायरच्या चपलेचा ठसा, टाचेला खिळ्याची खूण. तशीच चप्पल घातलेला एक जण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोत झोपलेला सापडला, आणि उशाला केशरबाईचा हंडा. छगननं त्याला बखोटीला धरून चावडीवर आणला. त्या दिवशी आप्पासाहेबांनी मला खुर्ची दिली. मी बसलेसुद्धा.

त्यानंतर सकाळी कामावर जाताना बाया स्वतःच सांगायला लागल्या, “नर्सबाई, आमच्या दारात जरा जाड पसरा.” संध्याकाळी आल्या की आधी राख बघायच्या, कोरी असली की हसायच्या, झाडून घ्यायच्या आणि मग कुलूप काढायच्या.

वरच्या आळीत एक चाळवजा ओळ आहे. चार घरं, भिंतीला भिंत, प्रत्येकाला एकच दार, मागं वाट नाही. पहिलं केशरबाईचं, दुसरं सूर्यभानचं, तिसरं आसारामचं आणि शेवटचं गोरक्षचं. त्यातलं गोरक्षचं तेवढं दिवसा उघडं असायचं, कारण आत त्याची बायको मालन होती. बाळंतीण. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. ही तिसरी, पोरगी, मीच सोडवलेली. चिमणीएवढी होती आणि रडायची मात्र गावाला ऐकू जाईल असं.

“नर्सबाई, ही ऱ्हाईल ना?” मालननं त्याच रात्री विचारलं होतं.

“राहील,” मी म्हणाले होते. नर्सनं असं म्हणायचं नसतं. पण म्हणाले.

म्हणून प्रत्येक फेरीत मी तिच्याकडं डोकावायचे. पाणी द्यायचे, पोरीचं अंग चाचपायचे आणि मालनला दोन शब्द रागवायचे. राग माझ्याकडं भरपूर आहे. तो वाया जाऊ देत नाही मी.

३

पहिलं पाऊल केशरबाईच्या दारात उठलं.

दुपारची वेळ. कुलूप जागच्या जागी. राखेचा पट्टा गुळगुळीत, फक्त मधोमध एक ठसा. अनवाणी पायाचा. पाच बोटं आणि चवडा, बस. टाच नव्हती. बोटं रस्त्याकडं होती.

मी उकिडवी बसले. कोणीतरी दाराला पाठ लावून, टाचा उचलून उभं राहिलेलं. चोर असेल, आळीवर नजर ठेवून उभा असेल. मग पट्ट्यावर आला कसा? उडी मारून आला असेल. मग गेला कसा? तशीच उडी मारून. पण ओट्याखाली धूळ होती. त्या वर्षी धूळ अशी होती की चिमणी उतरली तरी तिचं पाऊल दिसायचं. धुळीत माझ्या चपला होत्या, छगनच्या पायाची ओढ होती, आणखी काही नव्हतं.

छगन आला. बराच वेळ बघत राहिला. मग काठीच्या टोकानं फळी दाखवली.

“बाई, टाच हितं असंल.”

तो म्हणत होता ते खरं दिसत होतं. चवड्याचा ठसा जिथं संपत होता तिथं दाराची फळी सुरू होत होती. टाच असायला हवी होती ती फळीच्या पलीकडं, बंद घरात. जणू ते पाऊल दाराच्या आरपार पडलं होतं, अर्धं आत आणि अर्धं बाहेर.

“वाऱ्यानं पुसली असेल,” मी म्हणाले.

“वारं कुटंय?”

वारं नव्हतं. आठवडाभर पान हललेलं नव्हतं.

संध्याकाळी केशरबाईच्या बरोबर मी आत गेले. एकच खोली. चूल, उतरंड, कोपऱ्यात परत आलेला हंडा. शेणानं सारवलेली जमीन कोरडी. काही गेलेलं नव्हतं, काही हललेलं नव्हतं. फक्त खोलीत गारवा होता. दिवसभर पत्रा तापलेल्या खोलीत गारवा.

“बरं वाटतंय की आत,” केशरबाई म्हणाली आणि चूल पेटवायला बसली.

४

दुसरं सूर्यभानच्या दारात. या वेळी टाचेसकट सबंध पाऊल. फळीच्या अलीकडं, पूर्ण बाहेर आलेलं, रस्त्याकडं तोंड करून. आत जाणारं एकही नाही.

मी मनाशी वाद घालत होते. नर्स मेलेली माणसं खूप बघते. मी त्यांचे डोळे मिटले आहेत, जबडे बांधले आहेत. मेलेलं माणूस उठत नाही, याबद्दल माझ्याइतकी खात्री गावात कोणाला नसेल. आणि कोणत्या घरात कोणी मेलेलं नाही? तसं असतं तर सगळ्याच दारांत पावलं उठली असती. इथं तर ती ओळीनं चालली होती. पहिलं घर, दुसरं घर. म्हणजे माणूसच. चेष्टा करणारा, माझी जिरवायला निघालेला माणूस. तसे गावात पुष्कळ.

मी काठी उचलली आणि सूर्यभानच्या दारावर दोनदा ठोकली. “हुश्शार!”

आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

प्रतिध्वनी असेल. रिकाम्या खोलीत होतो. मी तीनदा ठोकलं. आतून तीनदा. सावकाश, एकेक आवाज माझ्याइतकाच, पण जरा उशिरा. ऐकून मग करावं तसा.

मग मी एकदाच ठोकलं आणि थांबले.

सूर्यभानच्या घरातून काही आलं नाही. आवाज आला तो पुढच्या घरातून. आसारामच्या, कुलूप लावलेल्या. एकदाच.

त्याच्या पुढचं घर मालनचं होतं. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. तो एकदम थांबला.

मी धावले. माझ्या वयाच्या बाईनं धावू नये, पण धावले. मालन भिंतीला टेकून बसली होती. पोरगी मांडीवर. रडणं सोडून ती आसारामच्या घराकडच्या भिंतीकडं एकटक बघत होती. एवढ्या लहान लेकराची नजर कुठं ठरत नाही, हे मी कितीतरी आयांना सांगितलं आहे. हिची ठरली होती.

५

संध्याकाळी चावडीवर बोभाटा झाला. छगनच्या पोटात काही राहत नाही.

“राख बंद करा,” सूर्यभान म्हणाला.

“राख बंद केली की उद्याच टेम्पो येतो,” मी म्हणाले. “या वेळी हंडा परत मिळणार नाही.”

“हंडा गेला तर जाऊ द्या!”

“परवा हंड्यासाठी रडत होता तुम्ही सगळे.”

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. “नर्सबाई, तुमच्या धर्मात न्हाई ह्ये. आमच्यात राखंला अर्थ हाय.”

मला राग आला. “माझ्या धर्मात चोरी पाप आहे, आप्पासाहेब. तुमच्याही असेल.”

तेव्हा बनुआत्या उठली. तिला कोण काय बोललं ते ऐकू आलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या वरच्या आवाजात बोलली.

“मरियमे, तू रोज दार लावतीस, राख पसरतीस, काठीनं ठोकून इचारतीस आन् वाकून बगतीस. मेल्यावर एकदाच इचारायचं असतं, कोन आलं म्हून. तू रोज इचारतीस. इचारलं की कुनीतरी यायचंच की गं.”

लोक एकेक करून चावडीवरून उठले. मीसुद्धा.

गोरक्ष घरी परतताना माझ्या बरोबर चालत आला. तो मितभाषी. त्या दिवशी मात्र आपणहून बोलला.

“नर्सबाई, मालनीला कुटं न्हेऊ? तिच्या म्हायेरी तर पेयाला पानी न्हाई. कामावर न्ह्यावी तर उनात पोर हातची जायाची. आदीची दोनी गेली. ही बी गेली तर मालन जगायची न्हाई.”

“उद्या दिवसभर मी तिच्यापाशी बसते.”

“आन् राख?”

“आसारामच्या दारात पसरणार.”

तो थांबला. “कशापायी?”

“जे यायचंय ते तिथं आलंय, गोरक्ष. राख असली तर दिसेल तरी. न दिसणाऱ्याला मी कशी अडवू?”

सकाळी कामावर जाताना त्यानं स्वतःच्या चुलीतली राख टोपलीत भरून माझ्यापुढं ठेवली.

६

मालनच्या उंबऱ्यावर मी काठी आडवी टाकून बसले. आत मालन, आसारामच्या भिंतीशी टांगलेल्या झोळीत पोरगी. छगनला मी वेशीकडं पाठवलं होतं. अधूनमधून लांबून त्याची हाळी यायची, “हुश्शार!”, आणि मग गाव पुन्हा गप्प.

उन्हाचा एक आवाज असतो. पत्रे तडकतात, लाकूड कुरकुरतं. मी ते आवाज ओळखत बसले. हा पत्रा. हा वासा. हा पुन्हा पत्रा.

मग भिंतीवर दोनदा ठोकलं गेलं. आसारामच्या बाजूनं, झोळीच्या उंचीवर.

“नर्सबाई, तुमी ठोकलं?” मालनचा आवाज.

“नाही.”

त्या दिवशी सकाळपासून मी कुठल्याच दारावर काठी लावली नव्हती. मुद्दाम. म्हणजे हे माझ्या ठोकण्याचं उत्तर नव्हतं. भिंतीपलीकडून कोणीतरी आपल्या मनानं फेरी घालत होतं, आणि आत कोण आहे ते विचारत होतं.

“काही बोलू नको,” मी म्हणाले. “झोळी सोड. पोरीला घेऊन या कोपऱ्यात बस. हाकेला ओ द्यायची नाही. कोणाच्याही.”

“तुमच्या बी?”

“माझ्याही.”

मी उठले आणि आसारामच्या दारापुढं जाऊन उभी राहिले. कुलूप होतं. सकाळी चाळलेली राख कोरी होती. मी तिच्याकडं बघत होते, म्हणून पुढचं मी बघितलं आहे. ऐकीव नाही.

राखेत आधी बोटांचे खळगे पडले. एकेक. मग चवडा. मग टाच. आवाज नाही, वजन नाही, पाय नाही. नुसती राख दबली. मग त्याच्या शेजारी दुसरं पाऊल. दोन्ही दाराच्या पूर्ण बाहेर, माझ्याकडं तोंड करून. मग उजव्या पावलाची टाच जराशी उचलल्यासारखी विस्कटली आणि बोटं मालनच्या दाराच्या दिशेनं वळली.

प्रार्थना म्हणावी म्हटलं तर पहिलं वाक्यच आठवेना.

आणि मग मला राग आला. मी आधीच सांगितलं, माझ्याकडं तो भरपूर आहे. उमरभर मी पोरं या बाजूला ओढली होती. जी ओढता आली नाहीत ती सगळी मला आठवतात. मालनची दोन्ही आठवतात. तिसऱ्यासाठी मी शब्द दिला होता, आणि हे नाव नसलेलं, तोंड नसलेलं काहीतरी माझ्याच राखेवर उभं राहून तिच्याकडं वळत होतं.

“कोण आलं म्हणून मी विचारलं होतं ना?” मी मोठ्यानं म्हणाले. “विचारणारी मी. मग उत्तरही माझंच.”

डाव्या पायातली चप्पल काढली आणि पाय त्या दोन पावलांवर दाबून ठेवला. बोटं दाराकडं करून. आत जाणारं पाऊल.

पायाखाली राख लागली नाही. गार, मऊ काहीतरी लागलं. कोणाच्या पायावर पाय पडावा तसं. मी पाय उचलला नाही. सगळं अंग त्या पायावर टाकलं.

“मी मरियम. इथली गस्त माझी आहे. मागं सरा.”

दाराच्या दोन्ही फळ्या आतल्या बाजूला ओढल्या गेल्या, कडीला लावलेलं कुलूप ताणलं जाईपर्यंत. मध्ये बोटभर फट पडली. आत अंधार. पण खाली, उंबऱ्याच्या पलीकडं, उन्हाची एक तिरीप पडली होती आणि तिच्यातून दोन पाय मागं मागं जात होते. राखेच्या रंगाचे. घोट्याच्या वर काय होतं ते दिसायला वाकून फटीला डोळा लावावा लागला असता.

मी वाकले नाही. उभ्या आयुष्यात बघायचं टाळलेली ही एकच गोष्ट.

फळ्या परत मिटल्या. वेशीकडून छगनची हाळी आली. मालनच्या घरात पोरगी रडायला लागली, भूक लागल्यावर रडतात तशी. मी ओट्यावर बसले आणि मलाही रडू आलं.

७

संध्याकाळी आसारामनं कुलूप काढलं तेव्हा निम्मी आळी मागं उभी होती. दारापुढच्या राखेत एकच पाऊल होतं. डावं, करंगळी नसलेलं, आत जाणारं. कोणाचं ते विचारायची गरज नव्हती.

आसाराम आत शिरला आणि तिथंच थबकला. छगननं कंदील पुढं धरला.

सारवलेल्या जमिनीवर राखेची पावलं होती. उंबऱ्यापासून थेट मालनच्या भिंतीपर्यंत. सगळी डावीच. सगळ्यांना चारच बोटं.

“बाई,” छगन हळूच म्हणाला, “तुमी आत गेल्ता?”

“कुलूप होतं.”

“मंग ह्ये...”

मी कंदील त्याच्या हातातून घेतला आणि भिंतीपाशी गेले. शेवटचं पाऊल भिंतीला टाच लावून होतं, बोटं खोलीकडं. दारावर पहारेकरी उभा राहतो तसं, पाठ मालनच्या पोरीकडं आणि तोंड या बाजूला. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं.

“पुसू का?” आसारामनं विचारलं.

“नको,” मी म्हणाले. “तिला तिचं काम करू दे.”

‘तिला’ हा शब्द तोंडातून कसा आला ते मला माहीत नाही.

घरी निघाले. वाटेत बनुआत्या बसली होती. मी पुढं गेले तशी तिनं हाक मारली, मग काठीनं माझ्यामागची धूळ दाखवली. मी वळून बघितलं. चपलेचे ठसे होते. उजव्या पायाचे. उजवा, मग रिकामी जागा, मग उजवा. डाव्या पायाची धूळ कोरी होती. मी पाय आपटून बघितला. धूळ हललीसुद्धा नाही.

“गेलं,” बनुआत्या म्हणाली. “पाऊल द्येऊन बसलीस.”

“पोरगी आहे ना?” मी विचारलं.

तिला ऐकू आलं नाही. पण मान हलवली.

८

दुसऱ्या दिवसापासून मी राख बंद केली. लोकांना हायसं वाटलं. चोरांसाठी छगननं दारांना डबे बांधून काढले, हात लागला की वाजणारे. गोरक्षनं पोरीचं बारसं केलं, नाव ठेवलं राही. तिच्या कानात नाव सांगायला मला बोलावलं, ख्रिस्ती असून. बायांनी माझ्या पावलांकडं बघायचं टाळलं आणि गुळाचा खडा मात्र आधी माझ्या हातावर ठेवला.

पोरगी अंगानं भरली. मालन उभी राहिली. घरात दुसरा हात कमवता झाला पाहिजे, म्हणून एका सकाळी तिनं लेकीला पाठीशी बांधलं, दाराला कुलूप लावलं आणि ती गोरक्षबरोबर तलावाच्या कामावर निघाली. तिथं झाडाखाली लेकरांसाठी पाळणे बांधले होते. मी वेशीपर्यंत सोडायला गेले. राहीनं माझं बोट धरलं, ते सोडवताना वेळ लागला.

“सांजच्याला येतो,” मालन म्हणाली. “घराकडं ध्यान ठिवा.”

दुपारी फेरीला निघाले. केशरबाईचं दार, काही नाही. सूर्यभानचं, काही नाही. आसारामचं, काही नाही. त्या भिंतीमागं कोण उभं आहे ते मला माहीत होतं, म्हणून तिथं मी जरा थांबले. मग मालनच्या दाराशी आले.

दारापुढं राखेचा पट्टा होता.

गुळगुळीत, चाळणीतून पडावा तसा. मी पसरला नव्हता. छगन पसरणार नाही. बनुआत्या तर मुळीच नाही. आणि तो बाहेरून टाकलेला नव्हता. वाकून बघितलं तेव्हा कळलं, राख दाराखालच्या फटीतून बाहेर आलेली होती. कोणीतरी ती आतून पसरली होती, दार लावून, कोण येतं ते बघायला.

आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. मग थांबून, पुन्हा दोनदा. माझीच पद्धत. आता विचारणारे पलीकडचे होते.

मला भीती वाटली. पण सांजेला मालन येणार होती. दमलेली, पाठीवर झोपलेलं लेकरू घेऊन, हेच कुलूप काढायला. राखेवर पहिलं पाऊल तिचं पडणार होतं.

लांबून छगन ओरडला, “हुश्शार!”

“हुश्शार!” मी उत्तर दिलं, आणि काठी दाराला टेकवून ठेवून उजव्या पायातली चप्पल काढली.